नऊ कोऱ्या चौकटी

पेन यानच्या भाजी-लिलावघरामागे
पत्र्याच्या शेडमध्ये मार्चमधलं प्रशिक्षण झालं, तेव्हा
क्यूका तलावावरून वारा असा सुटला होता
की प्रश्नपत्रिका उडू नयेत म्हणून
त्यांच्यावर एकेक बटाटा ठेवावा लागला.

एकवीस शेतकरी. दोघींच्या मांडीवर मुलं.
डेल ऑस्ट्रँडरने सगळ्यांच्या तळव्यांना पांढरी भुकटी चोळली,
म्हणाला, हे जंतू समजा. आता हात धुऊन या.
मग अंधार केला, जांभळा दिवा लावला.
नखांच्या कडा, अंगठ्याची बेचकी,
विळ्याने कधीतरी चिरलेल्या बोटाची भेग,
सगळं निळसर झगझगलं.
हात दाखवून अवलक्षण, मी मनात म्हटलं
आणि मागच्या बाकावर टीप केली:
सहभाग चांगला. हशा दोनदा.

हशा मोजणं हे खरं माझं काम नाही.
आधी किती येत होतं, नंतर किती आलं,
मधल्या फरकाला टक्क्यांची खुंटी ठोकायची.
आधी सेहेचाळीस, नंतर एक्क्याऐंशी.
हातच्या कांकणाला आरसा कशाला,
पण मी आरशाचाच पगार घेते.

सप्टेंबरात पुन्हा गेले.
शिकवलेलं मुरलं की विरलं, ते सहा महिन्यांनी बघायचं असतं.
मर्लिन मार्टिनला वीसपैकी वीस होते.
त्याच्या शेडपाशी हात धुवायचं नवंकोरं कुंड,
वर साबण,
साबणाचं वेष्टण अजून न फाडलेलं.
साबण आहे का, एवढाच प्रश्न होता.
मी 'आहे'वर खूण केली.

लविना हूव्हरने वीसपैकी नऊ चौकटी कोऱ्या सोडलेल्या.
कोरं म्हणजे चूक, असं आमचं कोष्टक मानतं.
तिच्याकडे फोन नाही, म्हणून न कळवताच गेले.
घोडा सोडलेली बग्गी सावलीत उभी होती
आणि पालकाच्या वाफ्यात, मधोमध,
काठ्यांना बांधलेल्या जुन्या निळ्या झग्याच्या चिंध्या,
एक मोठं वेडंवाकडं रिंगण.

हरीण, ती म्हणाली. रात्री येऊन गेलं.
लेंड्या टाकल्या तिथून तीन फूट सोडायचं
असं डेलने सांगितलं होतं.
मी पाच सोडले. माझा धाकटा पालक कच्चाच खातो.

मी कागद चाळला.
किती कापला, किती विकला, कितीला विकला.
न कापलेल्या पालकाला कुठेच जागा नव्हती.

आणि त्या नऊ चौकटी, मी विचारलं.
तिने हातातल्या जुडीला दोरी गुंडाळत विचार केला.
नक्की माहीत नव्हतं, म्हणाली,
अंदाजाने भरलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं
की मला येतंय.

मग मी एक पान तोडायला वाकले,
बाहेरच्या कडेचं, रिंगणापासून लांबचं.
थांबा, ती म्हणाली.
त्या दिवशी दिव्याखाली तुम्ही हात धरले होते?

नव्हते धरले. मी लिहीत होते.

तिने पंपाचा दांडा हाणला. पाणी हाडापर्यंत गार.
वीस मोजायचे असतात.
मी मराठीत मोजले, तिने तिच्या जर्मनीत,
माझे लवकर संपले.
ती थांबेपर्यंत मी चोळत राहिले,
अंगठीखाली, मनगटापर्यंत,
दर वर्षी चारशे लोकांना जे विचारते ते
पहिल्यांदाच करत असल्यासारखी.

अहवालात मी तिच्या नऊ चौकटी कोऱ्याच ठेवल्या.
ऑक्टोबरच्या शेवटी कार्यालयातून फोन आला:
माहिती कमी पडतेय का?
म्हटलं, माहिती नाही, रकाना कमी पडतोय.
कुठला?
मी सांगायला लागले, तर ओळीवर खरखर.
रिंगणातल्या पालकावर तोवर
पहिलं हिव पडलं असेल.